मायक्रोब्रुअरी उघडताय? परवान्यापासून पहिल्या बिअरच्या पारखीपर्यंत

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे छोट्या प्रमाणात ताजी बिअर बनवून विकण्याचा धंदा सुरू झाला तो पुण्यात, २००९ साली, डूलाली या ब्रुअरीच्या टाक्यांपासून. तेव्हा ताजी, न गाळलेली बिअर गढूळ का दिसते हे प्रत्येक टेबलावर समजावून सांगावं लागायचं. आता लोक विटबिअर आणि हेफेवायझन या गव्हाच्या दोन बिअरमधला फरक वेटरलाच सांगतात, आणि नवी ब्रुअरी उघडली की पहिल्याच शनिवारी निकाल लावून मोकळे होतात.

या धंद्यात उतरू पाहणारे मला दोनच गोष्टी विचारतात. परवाना किती दिवसांत मिळतो आणि टाक्या कुठून घ्याव्यात. पहिली बिअर बरी झाली की वाईट हे कोण ठरवणार, कशावरून ठरवणार, आणि वाईट ठरली तर एक हजार लिटर ओतून द्यायची हिंमत आणि पैसा आहे का, हे कुणी विचारत नाही. खरं तर ब्रुअरीची आखणी या प्रश्नापासून व्हायला हवी.

कागदपत्रं

महाराष्ट्रात बिअर तयार करणं ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ खाली येतं आणि परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, म्हणजे बोलीभाषेत एक्साइज. शुल्काचे आकडे आणि अटी बदलत राहतात. इंटरनेटवरचा जुना आकडा धरून बजेट करू नका, जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं परिपत्रक मागा.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. परदेशात ब्रुअर आधी घरच्या गॅरेजमध्ये दहा-वीस लिटरच्या बॅचेस करून रेसिपी पक्की करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं हा गुन्हा आहे. त्यामुळे रेसिपीची तालीम कुठे करायची, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. उत्तरं दोन. एक, दुसऱ्या परवानाधारक ब्रुअरीत काही महिने हाताखाली काम करणं. दोन, अशा ब्रुअरीत हात मळवलेला ब्रुअर आधी नेमणं, यंत्रसामग्रीच्या ऑर्डरच्याही आधी. बर्लिनची व्हीएलबी, म्युनिकजवळची डोमेन्स, मूळची शिकागोची सीबेल या संस्थांत शिकलेली माणसं भारतात आहेत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञान शिकलेली मुलंही मिळतात. पदवीपेक्षा मी त्या माणसाच्या नोंदवह्या पाहीन.

बाकीची यादी लांब आहे, पण सरळ आहे. अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना लागतो (मद्यार्कयुक्त पेयांसाठीचे २०१८ चे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत). महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचा दाखला, वाफेचा बॉयलर असेल तर त्याची नोंदणी, आणि जिथे बिअर विकणार त्या रेस्टॉरंटचे स्वतंत्र परवाने. महाराष्ट्रात बिअर पिण्याचं किमान वय २१ आहे आणि कडक दारूसाठी २५. काउंटरवरच्या पोरांना हा फरक पाठ हवा.

हिशेबनिसाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पिण्याची दारू जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. टाक्या, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), चिलर यांवर भरलेला जीएसटी बिअरच्या विक्रीवर वळता करून मिळत नाही, तो सरळ तुमचा खर्च होतो.

जागेचा करार करताना घरमालकाकडून परवाना मिळेपर्यंत भाडेमाफी किंवा अर्धं भाडं लिहून घ्या. रंगरंगोटी झालेल्या, टाक्या बसलेल्या आणि परवान्याची वाट पाहणाऱ्या रिकाम्या हॉलचं भाडं भरत बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं काम आहे. शाळा, देवस्थान यांच्यापासूनच्या अंतराचे नियमही करार करण्याआधी तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालानंतर महामार्गालगतच्या ५०० मीटरच्या अटीनं कित्येकांची झोप उडाली होती. पुढे महापालिका हद्दीपुरती सवलत मिळाली, पण हद्दीबाहेरच्या जागेसाठी तो मुद्दा आजही वकिलाला विचारावाच लागतो.

महाराष्ट्रातल्या ब्रुअरीला एक मोठा फायदा आहे. बंगळुरूच्या ब्रूपबला सगळा माल आपल्याच छताखाली विकावा लागतो, तर आपल्याकडची मायक्रोब्रुअरी केग (बिअरची स्टीलची पिंपं) भरून दुसऱ्या परवानाधारक बार-रेस्टॉरंटलाही देऊ शकते. म्हणून महागड्या चौकात टाक्या मांडायलाच हव्यात असं नाही. गाळणं औद्योगिक वसाहतीत आणि विक्री शहरात, असंही गणित बसतं. मात्र केग बाहेर गेली की तिची नळी कोण धुतो यावर तुमचा ताबा सुटतो. त्याबद्दल पुढे.

जागा आणि टाक्यांचं गणित

एक हजार लिटरची भरलेली टाकी स्वतःच्या वजनासकट दीड टनाच्या आसपास जाते आणि ते सगळं वजन चार पायांवर येतं. पोटमाळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर टाक्या मांडायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. फरशीला नाल्याकडे नीट उतार हवा. साधी टाइल टाक्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्यापुढे आणि गरम पाण्यापुढे वर्षभरही टिकत नाही, तिचे सांधे उखडतात आणि त्या फटींत जिवाणू घर करतात. पीयू (पॉलियुरेथेन) फ्लोअरिंग महाग वाटलं तरी तेच करा.

तळघरात ब्रुअरी करायची असेल तर हा आकडा पाहा. १२ डिग्री प्लेटोच्या (हे विरघळलेल्या साखरेचं माप) एक हजार लिटर वर्टमधून, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यातून, आंबताना सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वीस घनमीटरहून जास्त. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत शेजारच्याला कळत नाही. गॅस डिटेक्टर छताला लावू नका, गुडघ्याच्या उंचीवर लावा. एक्झॉस्टही खालूनच ओढणारा हवा.

टाक्या किती? समजा महिन्याला पाच हजार लिटर बनवायचा अंदाज आहे आणि ब्रूहाऊस (वर्ट बनवायची, उकळायची भांडी) एक हजार लिटरचं आहे. एल प्रकारची (उबदार तापमानाला आंबणारी) बिअर आंबणं, थंड करणं, निवळणं आणि टाकी धुणं धरून दोन आठवडे टाकी अडवते. म्हणजे एका टाकीतून महिन्याला दोन बॅचेस, तेही सगळं सुरळीत चाललं तर. पाच बॅचेसना तीन टाक्या पुरतात असं कागदावर दिसतं. तुम्ही चार घ्या. आणि लागर (थंडीत सावकाश मुरणारी बिअर) करायची हौस असेल तर पाचवी, कारण ती चार ते सहा आठवडे हलत नाही. ही जादा टाकी म्हणजे उधळपट्टी नव्हे. टाकी अडली म्हणून कच्ची बिअर टॅपवर चढवण्याचा मोह होतो, त्यावरचा हा विमा आहे. शिवाय गाळलेल्या एक हजार लिटरमधून गाळ आणि यीस्ट वजा जाता विकायला नऊशेच्या आसपास हाती येते. भाव ठरवताना हजारानं भागाकार करू नका.

एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी गाठलेली असताना आत फर्मेंटर (आंबवण्याची टाकी) १९ अंशांवर आणि थंड टाकी १ अंशावर ठेवायची असते. ग्लायकोल चिलर घेताना विक्रेता पंचवीस अंशांच्या हवेत दिलेला आकडा दाखवतो. चाळीस अंशांना तो किती देतो, ते लेखी मागा. जनरेटरवर आधी चिलर, मग एसी.

चोथ्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. एका बॅचला १८० ते २०० किलो माल्ट लागतो आणि त्याचा ओला चोथा वजनानं त्याहून जास्त निघतो. गोठेवाले आनंदानं नेतात, पण त्याच दिवशी न्यायला हवा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जो वास सुटतो, त्यावरून शेजारची सोसायटी थेट महापालिकेत जाते.

पाणी

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दख्खनच्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी बहुधा कठीण आणि बायकार्बोनेटनं भरलेलं असतं. अशा पाण्यात फिकट बिअर केली तर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच चढतो आणि माल्टच्या टरफलांतला तुरटपणा उतरतो. महापालिकेचं पाणी त्या मानानं सौम्य, पण त्यात क्लोरीन. म्हणून आधी प्रयोगशाळेचा अहवाल, मग कार्बन फिल्टर, मग आरओ, आणि शेवटी हवे ते क्षार मोजून परत घालायचे. कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असू द्या. हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) कडू धार हवी असेल तर कॅल्शियम सल्फेट आणि माल्टचा गोलाई असलेला गोडवा हवा असेल तर कॅल्शियम क्लोराइड. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये बसला की अर्धी लढाई जिंकली.

कार्बन फिल्टरमधलं कार्बन बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. क्लोरीन निसटलं तर ते माल्टमधल्या फिनॉल्सना मिळून बिअरला दवाखान्याचा वास देतं, आणि हा वास कुठल्याही उपायानं परत जात नाही.

पहिली बॅच पाण्याचीच

नव्या टाक्यांना कारखान्यातलं तेल आणि पॉलिशची भुकटी चिकटलेली असते. कॉस्टिकनं धुणं, मग नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लानं पॅसिव्हेशन (स्टीलवर संरक्षक थर बसवणं), मग स्वच्छ पाणी. त्यानंतर एक पूर्ण दिवस नुसतं पाणी घेऊन ब्रूइंगची सगळी नाटकं करा. तापवा, पंप करा, उकळवा, थंड करून फर्मेंटरमध्ये सोडा. गळती, उलटा फिरणारा पंप, चुकीच्या बाजूनं लावलेला व्हॉल्व्ह, सगळं त्या दिवशी कळतं आणि नुकसान होतं ते फक्त पाण्याचं.

तापमापक तपासून घ्या. वितळत्या बर्फात शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात मात्र पुण्यात १०० येणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईहून आलेला तंत्रज्ञ सेन्सर बिघडला म्हणून तो ‘दुरुस्त’ करून जातो आणि मग पुढचा प्रत्येक मॅश दोन अंश थंड होतो. बिअर पाणचट का लागते हे कुणाला उमगत नाही. याच उंचीमुळे गॅस भरतानाही प्रेशर गेजवर समुद्रकाठच्या तक्त्यापेक्षा साधारण १ पीएसआय जास्त ठेवावा लागतो.

धुण्याची शिस्त कामगारांना आता लावा, बिअर आल्यावर नाही. आधी पाणी, मग ७० ते ८० अंशांचं दोन टक्के कॉस्टिक, पाणी, आम्ल, पाणी, आणि वापरण्याच्या ऐन आधी जंतुनाशक म्हणून पेरअॅसिटिक आम्ल. एक धोका ठळक अक्षरांत लिहून टाकीवरच चिकटवा. टाकीत कार्बन डायऑक्साइड शिल्लक असताना झाकण बंद करून कॉस्टिक फिरवलं, तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत पोकळी होते आणि स्टीलची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी आत चेपते. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चालू आहे का हे दर वेळी बघायचं. हवा खेळवून घेतल्याशिवाय कॉस्टिक नाही.

पहिली बिअर कोणती?

इथे माझं मत बहुतेक मालकांना आवडत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी कोकमाची सावर (आंबट बिअर), नाचणीची स्टाउट (काळी बिअर) आणि हापूसची काहीतरी हवी असते. कोकम, ज्वारी, नाचणी यांच्यावर महाराष्ट्रात चांगलं काम झालेलं आहे आणि होत राहावं. पण पहिल्या बॅचचं काम वेगळं. तिनं तुमच्या यंत्रणेतले दोष दाखवले पाहिजेत. भाजलेला काळा माल्ट, फळं, भरमसाट ड्राय हॉप (उकळीनंतर थंड बिअरमध्ये घातलेले हॉप्स), हे सगळं दोष झाकतं. म्हणून पहिली बिअर म्हणजे साधी फिकट एल. एक बेस (मुख्य) माल्ट, थोडा म्युनिक माल्ट, एकच हॉप, स्वच्छ चवीचं यीस्ट. तिच्यात लपायला जागा नाही.

दुसरी बॅच हेफेवायझन करा, ती खपेल. माझ्या पाहण्यात गव्हाची बिअरच बहुतेक टॅपरूमचं भाडं भरते. ज्वारी वापरायची तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तिचा स्टार्च बार्लीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला फुलतो. नुसती मॅशमध्ये टाकून भागत नाही, वेगळी शिजवून घ्यावी लागते.

पहिल्या एलसाठी हे आकडे धरून चला. मॅश ६६ अंशांवर तासभर. स्टार्चची साखर होणं संपलं का, ते आयोडीनच्या थेंबानं बघा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च बाकी आहे. पुढे ७६ अंशांच्या पाण्यानं माल्ट धुऊन घेणं, ६० ते ७५ मिनिटं खळखळून उकळणं, झाकण उघडं. यीस्ट घालताना वर्ट १८-१९ अंशांवर. कोरडं यीस्ट असेल तर पाकिटावरचं प्रमाण पाळा, बहुधा १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम असतं, आणि ‘एवढ्यात भागतंय’ म्हणून हात आखडता घेऊ नका. सुरुवातीची घनता १.०४८ आणि शेवटची १.०११ आली तर फरकाला १३१.२५ नं गुणा, मद्यार्क सुमारे ४.९ टक्के. ठरवलेली घनता पहिल्या वेळी गाठली जाणार नाही. नव्या ब्रूहाऊसची उतारा देण्याची क्षमता तीन-चार बॅचेसनंतरच कळते. तेव्हा घाबरून साखर ओतू नका, जे आलं ते लिहून ठेवा.

नोंदवही हा शब्द मी मुद्दाम परत आणतो. वेळ, तापमान, पीएच, घनता, कोणत्या पोत्यातला माल्ट, टाकी कुणी धुतली. पुढे बिअरमध्ये दोष सापडला की त्याचं मूळ या पानांवरच सापडतं, नुसत्या चर्चेत नाही.

घनता दोन-तीन दिवस हलली नाही म्हणजे आंबणं संपलं. पण थंड करायची घाई नको. आधी डायअॅसिटिलची, म्हणजे लोण्यासारखा वास देणाऱ्या रसायनाची, चाचणी. एकाच टाकीतून दोन नमुने घ्या. एक झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्ही शेजारी शेजारी हुंगा. तापवलेल्यात मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा लोण्याचा वास आला, तर तो दोष बिअरमध्ये अजून बीजरूपात आहे. आणखी दोन दिवस उबदारच ठेवा, यीस्ट तो खाऊन टाकतं. या चाचणीला खर्च शून्य, आणि तरीही निम्म्या जागी ती कुणी करत नाही.

पारख कशी करायची

आता मुख्य काम. पहिली बिअर तयार झाली की मालकाचे मित्र, व्याही, गुंतवणूकदार जमतात, ग्लास उंचावतात आणि ‘झकास!’ म्हणतात. फुकटच्या बिअरला कुणी नावं ठेवत नाही. या मेजवानीला पारख समजणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. ती करा, पण बिअर पास झाल्यावर.

पारखीसाठी सहा ते आठ माणसं निवडा. ब्रुअर, शेफ, एखादी चांगलं नाक असलेली सर्व्हर, दुसऱ्या ब्रुअरीतला एखादा मित्र. त्यांना बिअर बनायच्या आधीच्या महिन्यात तयार करायचं. दोषांच्या तयार कॅप्सूल विकत मिळतात. त्या साध्या लागरमध्ये मिसळायच्या आणि ओळखायला सांगायचं. काही गोष्टी घरच्या घरी जमतात. हिरव्या बाटलीतली बिअर तासभर उन्हात ठेवली की प्रकाशानं खराब झालेला तो कुबट वास मिळतो. लवंग, केळ्याचं इसेन्स, व्हिनेगरचे दोन थेंब हेही चालतं. डेटॉलचा वास शिकवायला डेटॉल मात्र बिअरमध्ये घालू नका, नुसती बाटली हुंगवा. या सरावात एक उपयोगी गोष्ट बाहेर येते. काही जणांना लोण्याचा वास येतच नाही, तर काहींना तो थेंबभरही सहन होत नाही. कुणाचं नाक कुठे कमी पडतं हे लिहून ठेवा. मुख्य ब्रुअरच डायअॅसिटिलला आंधळा निघाला तर ते लाँचच्या आधी कळलेलं बरं.

वेळ सकाळी अकराची. किचनमध्ये फोडणी पडायच्या आत. उदबत्ती नाही, अत्तर नाही, मिसळ खाऊन आलेला माणूस नाही. तोंड साफ करायला पाणी आणि साधा पाव पुरे. ग्लास तेलकट नको. भरल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास मळका आहे, आणि अशा ग्लासात चांगल्या बिअरचाही फेस विरतो. बिअर बर्फगार देऊ नका. ८ ते १० अंशांना दोष बोलायला लागतात, २ अंशांना सगळेच साळसूद.

प्रत्येकाला शंभर मिलिलिटरच्या आत, ग्लासवर तीन आकडी खूण, नाव नाही. आपल्या बिअरबरोबर त्याच शैलीची बाजारातली एक नावाजलेली बिअरही त्याच खुणांमध्ये मिसळा. सगळे गप्प बसून लिहितात. मालक सगळ्यात शेवटी बोलतो, कारण तो आधी बोलला की बाकीच्यांच्या जिभेला त्याची चव चिकटते.

गुणांसाठी अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपीचा (बिअर परीक्षक तयार करणाऱ्या संस्थेचा) पन्नास गुणांचा तक्ता घ्या. सुगंध १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण परिणाम १०. दिसण्याला तीनच गुण हे ध्यानात घ्या. इन्स्टाग्रामसाठी भांडणाऱ्या मार्केटिंगवाल्याला हा तक्ता दाखवायला मला आवडतं. त्यांच्या मोजणीत २१ ते २९ ‘चांगली’, ३० ते ३७ ‘फार चांगली’. माझा नियम असा की सरासरी ३० च्या खाली गेलेली बिअर टॅपवर चढवायची नाही. सरासरी ३४ असूनही तिघांनी एकच दोष स्वतंत्रपणे लिहिला असेल, तर त्या दोषाचा शोध आधी.

आकड्यांशिवाय मी एक साधी गोष्ट करतो. कागद गोळा झाल्यावर सगळ्यांना हवी ती बिअर ओतून घ्यायला सांगायचं आणि गप्पा मारायच्या. अर्ध्या तासानं कोणता जग रिकामा झाला ते बघायचं. माणसं कागदावर खोटं लिहितात, ग्लास खोटं बोलत नाही.

दोष सापडला, आता?

उकडलेल्या मक्याच्या पाण्याचा वास आला तर डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड). उकळी मंद होती, झाकण लावलेलं होतं किंवा वर्ट थंड व्हायला फार वेळ लागला. तयार बिअरमध्ये याला इलाज नाही, पुढच्या बॅचला उकळी जोरदार.

हिरव्या सफरचंदाचा किंवा ताज्या रंगाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड. बहुतेक वेळा बिअर फक्त कच्ची असते. यीस्टवर आणखी चार-पाच दिवस ठेवा आणि परत तपासा. नव्या ब्रुअरीत सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच, कारण उद्घाटनाची पत्रिका आधीच छापलेली असते.

भिजलेल्या पुठ्ठ्याची चव ऑक्सिजनमुळे. ताज्या बिअरमध्ये ती आली तर टाकी बदलताना किंवा केग भरताना हवा शिरतेय. केग आधी कार्बन डायऑक्साइडनं भरून घेतली होती का?

घामट मोज्यांचा, जुनाट चीजचा वास जुन्या किंवा उघड्यावर राहिलेल्या हॉप्सचा. हॉप्सचं पाकीट उघडलं की व्हॅक्यूम सील करून फ्रीझरमध्ये, स्टोअररूमच्या फळीवर नाही.

लवंग आणि केळं हेफेवायझनमध्ये हवंच, ते त्या यीस्टचं काम आहे. फिकट एलमध्ये लवंग आली तर परकं यीस्ट शिरलंय. त्यासोबत घनताही ठरल्यापेक्षा खाली सरकत असेल तर ती बॅच केगमध्ये भरूच नका. पाईप, गास्केट, सॅम्पल व्हॉल्व्ह सगळं उघडून धुवा. सॅम्पल घ्यायचा तो चिमुकला नळ हे संसर्गाचं आवडतं घर. तो प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसायचा.

ताकासारखा आंबटपणा किंवा व्हिनेगर लागलं तर वाद घालायचा नाही. त्याला ‘आमची खास सावर’ असं नाव देऊन विकणारे असतात. पुण्याचं गिऱ्हाईक आता एवढं भोळं राहिलेलं नाही.

ओतून द्यायचं ठरलं तर तेही कायद्यानं. तयार झालेली प्रत्येक लिटर बिअर एक्साइजच्या हिशेबात असते. त्यांना कळवून, त्यांच्या परवानगीनंच नष्ट करायची आणि नोंद घ्यायची. आणि सगळी एकदम सांडपाण्याच्या टाकीत सोडायची नाही. बिअरचा सेंद्रिय भार प्रचंड असतो, ईटीपीतले (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतले) जिवाणू त्याखाली दबतात. आठवडाभर थोडी थोडी सोडा. या खर्चासाठी सुरुवातीच्या भांडवलात दोन पूर्ण बॅचेसचा पैसा वेगळा काढून ठेवा. तो पैसा बाजूला असला की सकाळी अकराच्या टेबलावर माणसं खरं बोलतात. नसला की सगळ्यांनाच बिअर ‘तशी बरी’ लागते.

दुसरी बॅच आणि टॅप

एक चांगली बॅच नशिबानंही होते. म्हणून तीच एल, तीच रेसिपी, परत. मग त्रिकोण चाचणी घ्या. तीन ग्लास, दोनांत एक बॅच आणि तिसऱ्यात दुसरी, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं तिघांतला एक जण बरोबर येतोच, म्हणून दहा जणांत सात किंवा बारा जणांत आठ बरोबर आले तरच बॅचेसमध्ये खरोखर फरक आहे असं धरा. फरक असेल तर वही उघडा. नसेल तर आता कोकमाकडे वळायला हरकत नाही.

टाकीतली चांगली बिअर टॅपवर बिघडते ती नळीत. दर चौदा दिवसांनी नळ्या कॉस्टिकनं धुणं, नळाचं तोंड रोज उघडून घासणं. बाहेरच्या बारला केग देणार असाल तर नळी धुण्याचं काम आपल्या माणसाकडे ठेवा, त्या बारमालकाच्या शब्दावर नाही. तिथे बिअर आंबट लागली तर नाव तुमचं जाणार.

आणि प्रत्येक बॅचच्या सहा बाटल्या हातानं भरून थंडीत ठेवा. दोन आठवड्यांनी एक, चार आठवड्यांनी एक, त्याच अकराच्या टेबलावर, त्याच खुणांनी. सोबत एक बाटली बाहेर, स्टोअररूमच्या उकाड्यात. बाहेरच्या बारमध्ये तुमची केग कुठल्या कोपऱ्यात पडून असते, ते त्या बाटलीत कळतं.